निकाल लागेपर्यंत पोरगी कुणाकडे?

वाचक विचारतात, वकीलताई सांगतात

या वेळच्या प्रश्नांमधे ४ प्रश्न एकाच जातीचे निघाले. नवरा-बायको वेगळे राहताहेत, केस कोर्टात आहे किंवा जायच्या बेतात आहे, आणि मधल्या काळात मुलाचं काय करायचं कुणालाच कळत नाहीये. म्हणून सोसायटीचं पार्किंग आणि सातबाऱ्यावरची नावं पुढच्या अंकात, रागावू नका. ओळख पटू नये म्हणून गावं आणि वयं जराशी बदललीयेत.

प्रश्न : ताई नमस्कार, मी चिंचवडला राहतो, कंपनीत सुपरवायझर आहे. लग्नाला ९ वर्षं झाली, मुलगी ६ वर्षांची आहे, पहिलीत. मागच्या भाऊबीजेला बायको माहेरी साताऱ्याला गेली ती परत आलीच नाही, मुलीला तिथल्याच शाळेत घातलंय. फोन केला तर सासरे उचलतात आणि ठेवून देतात. मी पुण्याला डिव्होर्सची केस टाकलीय, २ तारखा झाल्या, ती आली नाही. वकील म्हणतात आधी केस चालू दे, मुलीचं निकालात बघू. पोलिसांत गेलो तर म्हणाले हे कोर्टाचं मॅटर आहे. माझा चुलतभाऊ म्हणतो शाळा सुटायच्या वेळेला गाडी घेऊन जाऊ आणि पोरीला आणू, बापच आहेस ना तू. ५ महिने झाले ताई, पोरीचा आवाज पण ऐकला नाही. काय करू?
— एक बाबा, चिंचवड

उत्तर : दादा, सगळ्यात आधी चुलतभावाला सांगा, गाडी घरीच ठेव. बाप हा नैसर्गिक पालक असतो, त्यामुळे पोलीस अपहरण वगैरे लिहून घेतीलच असं नाही हे खरंय, आणि गावोगावचे चुलतभाऊ याच जोरावर बोलत असतात. पण दुसऱ्या दिवशी तुमची बायको हायकोर्टात हेबियस कॉर्पस, म्हणजे मूल कोर्टासमोर हजर करा असा अर्ज, टाकू शकते आणि पुढची सगळी वर्षं प्रत्येक जज तुमच्याकडे शाळेच्या गेटवरून रडती पोरगी उचलणारा माणूस म्हणूनच बघणार. आणि पोरगी काय लक्षात ठेवेल ते वेगळंच.

आता मुद्द्याचं. तुमच्या वकिलांशी तुमचं भांडण लावायचं नाहीये मला, पण मुलीचं निकालात बघू हे मला अजिबात पटलेलं नाही. डिव्होर्सची केस लढवली गेली तर वर्षं जातात, २ जातील, ४ जातील, कुणी सांगू शकत नाही. तोपर्यंत मुलगी पहिलीतून पाचवीत जाते, तिच्या मैत्रिणी साताऱ्याच्या, तिचं घर साताऱ्याचं, आणि बाबा म्हणजे फोटोतला माणूस. मग निकालाच्या दिवशी कोर्ट काय बघतं तर मूल आत्ता कुठे रुळलंय. म्हणजे मधला हुकूम नावाला तात्पुरता, निम्मा निकाल तिथेच लागून जातो. लोक त्याच्याकडे दुर्लक्ष करतात आणि शेवटच्या निकालासाठी ताकद राखून ठेवतात, नेमकं उलटं करायला हवं.

हिंदू विवाह कायद्याचं कलम २६ याच्यासाठीच आहे. केस चालू असताना मुलांचा ताबा, पोटगी, शिक्षण याबद्दल कोर्ट वेळोवेळी अंतरिम हुकूम करू शकतं आणि पुढे बदलूही शकतं, आणि जमेल तिथे मुलांची इच्छा बघायची असंही त्यात लिहिलंय. (लग्न स्पेशल मॅरेज अॅक्टखाली झालं असेल तर असंच कलम ३८ आहे. मुस्लिम वाचकांसाठी १८९० चा गार्डियन्स अँड वॉर्ड्स अॅक्ट आहे, त्याच्या कलम १२ मधे मधल्या काळाचा हुकूम मिळतो. ज्यांनी डिव्होर्सची केसच टाकलेली नाही, नुसते वेगळे राहताहेत, त्यांनाही हाच कायदा.) तुमची केस आधीच चालू आहे, म्हणजे नवीन दावा वगैरे काही नको, त्याच केसमधे एक अर्ज आणि त्याला अॅफिडेव्हिट (शपथपत्र), बस. समोरचे आपलं म्हणणं देतात, ज्याला कोर्टात सगळे 'से' म्हणतात, मग बहुतेक वेळा दोघांना काउन्सेलरकडे पाठवतात, तिथे जमलं तर ठीक, नाही तर जज ऐकून हुकूम करतात.

पण एक गाठ आधी सोडवा. ती २ तारखांना आली नाही म्हणता, तर तिला समन्स मिळालंय का? नुसतं वकिलांना विचारू नका, रोजनामा (दर तारखेला काय झालं त्याची कोर्टातली नोंद) बघा, बेलिफचा (समन्स घेऊन जाणाऱ्या कोर्टाच्या माणसाचा) रिपोर्ट बघा. ईकोर्ट्सच्या अॅपवर तुमचा १६ अक्षर-आकड्यांचा सीएनआर नंबर, म्हणजे केसचा ओळख क्रमांक, टाकला की प्रत्येक तारखेला काय झालं ते दिसतं. समन्स परत आलं असेल, पत्ता अर्धवट असेल, घरी कुणी नाही असा शेरा असेल, तर कोर्ट तुमच्या अर्जावर काहीच करणार नाही कारण समोरच्याला कळलंच नाहीये. मग नवीन समन्स काढा, साताऱ्याच्या कोर्टामार्फत बजावून घ्या, रजिस्टर पोस्टाने पाठवा, आणि परवानगी घेऊन ईमेल-व्हॉट्सअॅपवर पण. मिळूनही येत नसेल तर एकतर्फी हुकूम होऊ शकतो, फक्त असा हुकूम ती नंतर येऊन फिरवून घ्यायचा प्रयत्न करणार हे धरून चला.

अजून एक, तुमची बायको केस साताऱ्याला न्या असा अर्ज हायकोर्टात करू शकते आणि अशा अर्जात कोर्ट बायकोची सोय बरीच बघतं. झालं तसं तर हातपाय गाळू नका, सातारा काय लांब नाहीये, उलट मुलीला भेटायला जाताना तारीख पण होईल.

आता अर्जात काय मागायचं. इथेच बहुतेक बाबा लोक माती खातात. रागाच्या भरात ताबा मागतात, पूर्ण ताबा, उद्यापासून. मी स्पष्टच सांगते, ६ वर्षांची मुलगी, ५ महिने आईजवळ, तिथे शाळा सुरू, आईविरुद्ध काही गंभीर नाही, अशा वेळी मधल्या काळात तिला उचलून तुमच्याकडे देतील याची शक्यता फार थोडी. तो अर्ज भांडत बसतो, ६ महिने जातात, आणि तेवढे ६ महिने तुम्ही पोरीला बघितलेलं नसतं. ताब्याची मागणी मूळ दाव्यात असू द्या, पण अंतरिम अर्जात भेट मागा, ज्याला आमच्याकडे ऍक्सेस म्हणतात. आणि पायरीपायरीने मागा.

पहिली पायरी व्हिडिओ कॉल. हे लगेच मिळण्यासारखं आहे. सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०२० मधे एका निकालात सांगितलंय की ज्या पालकाकडे मूल नाही त्याला भेटीचा हक्क तर हवाच, शिवाय रोज ५-१० मिनिटं मुलाशी बोलायला मिळायला हवं, फोनवर नाही तर व्हिडिओवर. हा निकाल अर्जाला जोडा. दुसरी पायरी, पहिल्या २-३ भेटी मुलीच्या गावातच, कोर्टात मुलांची खोली असेल तर तिथे, काउन्सेलरच्या समोर. तुम्हाला अपमान वाटेल, स्वतःच्या पोरीला परक्यासारखं कोर्टात भेटायचं, वाटणारच. पण ५ महिन्यांनी ती तुम्हाला बघून आईच्या पदराआड गेली तर ते साक्षीदारांसमोर होऊन नंतर ती हळूहळू बाहेर आली हे पण कागदावर यायला हवं. मग दिवसभराची भेट, मग एक रात्र मुक्काम, मग दिवाळी आणि मे महिन्याची निम्मी-निम्मी सुट्टी.

आणि हुकमाची भाषा. महिन्यातून २ वेळा असं कधीही लिहून घेऊ नका, पहिला आणि तिसरा शनिवार, सकाळी १० ते संध्याकाळी ५, असं लिहा. कुठून घ्यायचं, कुठे सोडायचं, कोण येणार घ्यायला. मुलगी आजारी असेल तर त्याच दिवशी किती वाजेपर्यंत कळवायचं आणि बदली दिवस कुठला. सुट्टी म्हणजे शाळेच्या पत्रकाप्रमाणे, निम्मी म्हणजे कितव्या दिवशी किती वाजता अदलाबदल. माझ्याकडे एका जोडप्याच्या हुकमात नुसतं दिवाळीची निम्मी सुट्टी एवढंच होतं, दोघंही म्हणाले लक्ष्मीपूजन माझ्या निम्म्यात, आणि ऐन सणात दोन्ही पार्ट्या दोन वकिलांच्या घरी. माझ्या घरी फराळाचं ताट तसंच राहिलं त्या दिवशी, त्यामुळे मला हा मुद्दा जरा जास्तच जिव्हाळ्याचा आहे. हल्ली मी एका वर्षी लक्ष्मीपूजन ह्यांच्याकडे भाऊबीज त्यांच्याकडे, पुढच्या वर्षी उलट, असं सरळ लिहूनच घेते. गणपती पण लिहा, तुमच्याकडे घरचा असेल तर. वाढदिवस पण.

अजून २ गोष्टी. शाळेची फी, पुस्तकं, जे काय तुम्हाला झेपेल ते आत्तापासून बायकोच्या खात्यावर ट्रान्सफर करा, कॅश नको, आणि कुणी मागायची वाट बघू नका. मुलांच्या पोटगी-शिक्षणाच्या अर्जाचा निकाल नोटीस बजावल्यापासून शक्यतो ६० दिवसांत लावा असं कायद्यातच आहे, म्हणजे ती मागणारच आहे. ताब्याच्या, भेटीच्या अर्जाला मात्र असं दिवसांचं बंधन नाही, ते तुम्हालाच रेटावं लागतं, दर तारखेला अर्ज बोर्डावर (त्या दिवशीच्या कामांच्या यादीत) आहे का विचारावं लागतं. दुसरं, फॅमिली कोर्टात वकील असणं हा हक्क नाही, कोर्टाची परवानगी लागते, मिळते सहसा, पण त्यामुळे जज थेट तुम्हालाच प्रश्न विचारतात. मुलीच्या वर्गशिक्षिका कोण, कशाची अॅलर्जी आहे, डब्यात काय आवडतं. ताबा मागायला आलेला बाप वकिलाच्या तोंडाकडे बघायला लागला की काय होतं ते मी बघितलंय.

प्रश्न : मॅडम मी नाशिकची, मुलगा ८ वर्षांचा आहे आणि माझ्याजवळ असतो. कोर्टाने मधली ऑर्डर केली की दुसऱ्या आणि चौथ्या रविवारी ११ ते ५ वडिलांकडे. पण तिकडून आला की वेगळाच वागतो, आज्जी म्हणते तुझी आई वाईट आहे असं सांगतो, २ वेळा अंथरुण ओलं केलं, ह्या वयात. मागच्या वेळी तर जायचंच नाही म्हणून रडला. म्हणून मी २ रविवार ताप आहे सांगून पाठवलं नाही. आता त्यांच्या वकिलाची नोटीस आलीय की तुम्ही कोर्टाचा अवमान केला. वर ३ महिने पोटगीचा एक रुपया दिला नाही त्यांनी! पैसे नाही द्यायचे आणि मुलगा पाहिजे, हा कुठला न्याय? मी ह्याच्यापुढे पाठवणार नाही, चालेल ना?
— एक आई, नाशिक

उत्तर : नाही चालणार ताई. राग येईल तुम्हाला पण हेच सांगावं लागेल.

हुकूम तुम्हाला पटो न पटो, तो बदलेपर्यंत पाळायचा. ताप नसताना ताप सांगितला, हे तर अजूनच वाईट, कारण उद्या खरा ताप आला तरी कुणी विश्वास ठेवणार नाही. आणि ते लोक आता काय करतील सांगते, अवमानाचा अर्ज किंवा दरखास्त (हुकमाची अंमलबजावणी करा असा अर्ज) टाकतील, प्रत्येक बुडलेला रविवार तारखेसकट लिहितील, आणि शेवटी म्हणतील की आई मुलाला बापापासून तोडतेय म्हणून ताबाच आमच्याकडे द्या. हे हवेतलं नाहीये. २०१७ च्या एका केसमधे मुलगी अगदी लहान असल्यापासून एका पालकाकडे वाढलेली होती, तरी सुप्रीम कोर्टाने मुलाच्या मनात दुसऱ्याबद्दल विष कालवलं जाण्यावर बरंच लिहिलं आणि ताबा फिरवला. तिथे मूल बापाकडून आईकडे गेलं, उलटही होऊ शकतं.

पोटगी आणि भेट, ह्या दोन वेगळ्या खात्यांवरच्या गोष्टी आहेत. पैसे थकले म्हणून मूल अडवायचं नाही, आणि मूल दाखवत नाही म्हणून पैसे अडवायचे नाहीत, हे त्यांच्या वकिलालाही लागू. पोटगी मूल भेटवण्याची फी नाहीये, ती मुलाच्या पोटाची आहे. थकबाकीसाठी वसुलीचा अर्ज वेगळा टाका, पगारदार असतील तर पगारातून कापून घेता येते. आणि रक्कम अजून ठरायची असेल तर नोव्हेंबर २०२० च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालाप्रमाणे दोघांनाही मालमत्ता आणि कर्जाचं अॅफिडेव्हिट द्यावं लागतं, आणि पोटगी अर्ज केल्याच्या तारखेपासून द्यायची असते. हा निकाल आपल्या नागपूरच्याच एका केसमधून वर गेलेला, तुमच्या वकिलांना तोंडपाठ असेल.

आता मुलगा रडतोय त्याचं. हे मी हलकं घेत नाहीये, अंथरुण ओलं होणं म्हणजे पोरगं कशाने तरी दडपलंय. पण कशाने, ते तुम्ही आणि मी ठरवू नये. तिकडची आज्जी काही बोलते म्हणूनही असेल, निघताना दारात तुमचा चेहरा बघतो म्हणूनही असेल, ११ वाजता एका घरातून दुसऱ्या घरात जायचं म्हणजे कुणाची तरी बाजू सोडायची असं त्याला वाटत असेल. बालरोगतज्ज्ञांना दाखवा, ते सांगतील तर मुलांच्या काउन्सेलरकडे न्या, कागद जपून ठेवा. मुलाला रोज खोदून विचारू नका की आज्जी काय म्हणाली, आणि मोबाईलवर त्याचं बोलणं रेकॉर्ड करून घेऊ नका, बऱ्याच आया करतात हे आणि ऐकताना पढवलेलं लगेच कळतं.

मग हुकूम बदलायचा अर्ज करा, कलम २६ मधेच सोय आहे. भेट बंद करा असं मागू नका, कसं बदलायचं ते मागा. काही महिने भेट त्यांच्या घरी नको, कोर्टातल्या मुलांच्या खोलीत किंवा काउन्सेलरच्या देखरेखीत ठेवा. किंवा ६ तासांऐवजी ३ तास, पण दर रविवारी. किंवा भेटीत फक्त वडील असावेत. जज मुलाशी चेंबरमधे एकट्याशी बोलतील अशी विनंती पण करा. १८९० च्या कायद्यातच आहे की समजून-उमजून पसंती सांगण्याएवढं मूल मोठं असेल तर कोर्ट ती विचारात घेऊ शकतं. वय किती ते लिहिलेलं नाही, ८ वर्षांच्या मुलाशी जज बोलतात, पण तो म्हणेल तेच करतील असं नाही. त्या दिवशी त्याला काय बोलायचं ते शिकवून नेऊ नका. नाश्ता करून न्या, जज कुठले तरी काका-काकू आहेत, ते शाळेबद्दल गप्पा मारतील, एवढंच सांगा.

एक गोष्ट याच्या पलीकडची आहे. मारहाणीच्या खुणा असतील, किंवा मुलाने अंगाला हात लावण्यासारखं काही सांगितलं असेल, तर रविवारची आणि तारखेची वाट बघत बसायचं नाही, त्याच दिवशी डॉक्टर, पोलीस आणि कोर्टात तातडीचा अर्ज. पण तसं नसताना असला आरोप फक्त भेट थांबवायला वापरायचा नाही. मी असे खटले बघितलेत, त्यात सगळ्यात जास्त तपासण्या आणि जबाब त्या मुलाचेच होतात.

नोटिशीचं म्हणाल तर उत्तर द्या, २ रविवार गेले ते मान्य करा, आणि त्याऐवजी २ जादा दिवस कुठले देणार ते तारखेसकट लिहा. तेच पर्सिसवर (कोर्टाला माहिती द्यायचा छोटा लेखी कागद) कोर्टात पण दाखल करा. पुढे कधी खरंच आजारी पडला तर सकाळीच मेसेज, डॉक्टरांच्या चिठ्ठीचा फोटो, आणि बदली दिवस, तिन्ही एकदम पाठवा.

तुम्ही शेवटी हायकोर्टात अपील करू का असंही विचारलंय, ते जागेअभावी वर घेतलं नाही. फॅमिली कोर्टाच्या अशा मधल्या हुकमावर अपील नसतं, फॅमिली कोर्ट कायद्याच्या कलम १९ मधे तसं स्पष्ट आहे. हायकोर्टात रिट करता येते पण नुसतं हुकूम पटला नाही म्हणून तिथे फार काही हाती लागत नाही. तो पैसा आणि वेळ काउन्सेलरवर घाला. आणि वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा, बायकांना उत्पन्न कितीही असलं तरी मोफत वकील मिळतो, १५१०० वर फोन करा.

प्रश्न : हाय ताई, मी लग्नानंतर न्यू जर्सीत होते, ४ महिन्यांपूर्वी मुलाला घेऊन पुण्याला आईबाबांकडे आले. मुलगा तिकडे जन्मला, त्याचा पासपोर्ट अमेरिकेचा. नवऱ्याने तिकडच्या कोर्टातून टेम्पररी कस्टडीची ऑर्डर घेतलीय. इथे मला सगळे सांगताहेत भारतात ती ऑर्डर चालत नाही, निवांत रहा. खरंय का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : सगळे अर्धंच सांगताहेत. मुलांना एका देशातून दुसऱ्या देशात नेण्याबद्दलचा १९८० चा हेग करार आहे, त्यात भारत नाही, त्यामुळे तिकडचा कागद इथे आपोआप लागू होत नाही एवढं बरोबर. पण निवांत राहू नका. नवरा इथल्या हायकोर्टात हेबियस कॉर्पस करू शकतो आणि मग कोर्ट मुलाचं हित कशात ते बघतं, त्यात तिकडची ऑर्डर एक मुद्दा म्हणून असतेच, मूल तिकडचं नागरिक आहे हा मुद्दा असतो, इथे येऊन किती दिवस झाले हाही असतो. वरती मी व्हिडिओ कॉलचा २०२० चा निकाल सांगितला ना, ती केस अशाच एका जोडप्याची होती, आई तिकडच्या कोर्टाचा हुकूम असताना मुलीला घेऊन राजस्थानात आली होती, आणि सुप्रीम कोर्टाने मुलीला अमेरिकेत परत न्यायलाच सांगितलं. म्हणजे लोक कॉलपुरता तो निकाल दाखवतात आणि बाकीचा वाचतच नाहीत. दुसऱ्या काही केसेसमधे मूल इथेच राहिलंय, इथे रुळलं होतं म्हणून. तुमचं कुठल्या बाजूला जाईल ते कागद बघितल्याशिवाय मी सांगणार नाही.

या आठवड्यात करायचं ते असं. तिकडच्या केसमधे वकील लावून हजर व्हा, गैरहजर राहिलात की तिथे सगळं एकतर्फी तुमच्याविरुद्ध जातं. तिकडे मारहाण, धमक्या असं काही झालं असेल तर त्याचे मेसेज, हॉस्पिटलचे कागद गोळा करा. इथे फॅमिली कोर्टात अर्ज करा. आणि मुलाचं वडिलांशी रोज ठरलेल्या वेळेला बोलणं सुरू ठेवा, तिकडची सकाळ म्हणजे आपली संध्याकाळ, जमतं आरामात. ४ महिने बोलू दिलं नाही असं त्यांनी कोर्टात सांगितलं तर तुमच्या वकिलाकडे उत्तर हवं.

प्रश्न : चि. ताईस आशीर्वाद. मी कोल्हापूरची, वय ६८. मुलगा बंगलोरला नोकरीला, सून नातवाला घेऊन सांगलीला माहेरी. नातू ३ वर्षांचा. कोर्टात केस चालू आहे. मुलाचे वकील म्हणाले ५ वर्षांखालचं मूल आईकडेच राहतं, काही करता येत नाही. मला ताबा वगैरे नको गं, नुसतं बघायचंय. तो मला आऊ म्हणायचा. आजीला काही हक्क असतो का?
— एक आजी, कोल्हापूर

उत्तर : आजी, नमस्कार. वकील म्हणाले ते बरंचसं बरोबर आहे, हिंदू मुलांच्या पालकत्वाच्या १९५६ च्या कायद्यात कलम ६ मधे लिहिलंय की ५ वर्षांखालच्या मुलाचा ताबा सर्वसाधारणपणे आईकडे. पण तो ताब्यापुरता नियम झाला, बापाच्या भेटीला त्याने काही बाधा येत नाही.

तुमचं म्हणाल तर आजीला अमुक दिवस नातू भेटेल असं कायद्याच्या पुस्तकात कुठे वेगळं लिहिलेलं नाही. तुम्ही स्वतः केस टाकायच्या भानगडीत पडू नका, वेळ जाईल आणि सुनेच्या माहेरचे अजून बिथरतील. मुलाच्या अर्जात एक ओळ घालायला सांगा, की भेटीच्या वेळी वडिलांबरोबर आजीही असेल. नाव घालून लिहा. मुलगा बंगलोरहून दर वेळी येऊ शकणार नसेल तर तेही मागता येतं की तो नसेल त्या वेळी आजीने भेटावं, सून हो म्हणाली तर कोर्ट पटकन लिहून देतं, नाही म्हणाली तर जज बघतील. भेटीची जागा सांगलीतच मागा, ३ वर्षांच्या पोराला कोल्हापूरपर्यंत ओढून आणू नका, तुम्हीच एसटीने जा. आणि व्हिडिओ कॉलमधे पण तुमची ५ मिनिटं मागून घ्या, मुलाला म्हणावं तुझ्या १० मधली ५ आईला दे.

काउन्सेलर तुमच्याशीही बोलतील कदाचित. तेव्हा लग्नात काय झालं, कोण कुणाला काय म्हणालं, सुनेने सोनं नेलं, हे काही काढू नका, त्याची केस वेगळी चाललीच आहे. नातू कसा झोपायचा, काय खायचा, आऊ कसा म्हणायचा, तेवढंच सांगा.

भेटीला जाताना रव्याचा लाडू न्यावासा वाटेल, न्या, पण आदल्या दिवशी सुनेला मेसेज करून विचारा हल्ली त्याला काय चालतं. ६ महिन्यांत मुलांच्या आवडी बदलतात, आणि तिला विचारलंत हेही तिच्या लक्षात राहील.